पायांची उजळणी

"आता कुठं?"

"करंगळी."

"आन् आता?"

"आंगठा. सोपं सोपं काय इचारतस गो?"

कान्हू ओटीवर पाय लांब करून, डोळे घट्ट मिटून बसला होता. सीताबाई त्याच्या पायाशी उकिडवी बसून माडाच्या झावळीचा हीर त्याच्या बोटांना टोचत होती. उत्तर बरोबर आलं की ती "व्हय" म्हणे आणि कान्हूची मान जराशी ताठ होई. तिसरीत शाळेला रामराम ठोकलेला हा माणूस साठीत अभ्यासाला बसला होता, आणि पास होण्याची त्याला भारी घाई होती.

परीक्षा उद्याची होती. मुंबईचा नसांचा डॉक्टर महिन्यातून एकदा पेणला येई. कान्हूची मुलगी मालू लग्न होऊन रोह्याजवळ अष्टमीला होती आणि तिथल्या एका दवाखान्यात आया म्हणून कामाला होती. तिनंच ओळखीपाळखीतून नंबर लावला होता. फोनवर तिनं आईबापाला सगळं समजावून सांगितलं होतं. "डॉक्टर डोळं मिटाया सांगल, मंग पायाला टोचल आन् कुठं टोचलं त्या इचारल. घाबरायचं नाय. आन् आये, पायाला काय लावू नको, काय करू नको. हायती तसे दाखवायचे."

टोचणार आणि विचारणार, एवढंच कान्हूनं ऐकलं. सकाळपासून उजळणी चालली होती.

खरं तर हे दुखणं दोन वर्षं अंगावर काढलेलं. पण त्याला दुखणं म्हणायला घरात कुणी तयारच नव्हतं. खाडीकाठच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. खाऱ्या चिखलात उभं राहून तळवे असे राठ होत की काटा मोडला तरी कळू नये. पाय मेले की माणूस मिठागराला तयार झाला, असं गावात कौतुकानं म्हणत. मागच्या उन्हाळ्यात कान्हू टाचेत शिंपलीचा तुकडा घेऊन घरी आला आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा सगळी आळी हसली होती. सीताबाईसुद्धा हसली होती. मग रक्तातली साखर निघाली, जखम भरेना, आणि मालूनं धोशा लावला.

कान्हूला मात्र डॉक्टरकडून एकच गोष्ट हवी होती. पाय ठीक आहेत, कामाला जा, एवढं त्यानं म्हणावं. कारण सोमवारपासून तुडवणी होती. दिवाळी झाली की मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून टणक करावा लागतो, तेव्हा कुठे त्यावर मीठ पांढरं उतरतं. वीस माणसं ओळीनं एका तालात पाय टाकतात आणि पुढच्या माणसाच्या पायावर सगळी ओळ चालते. चिखल कुठे बसला, कुठे अजून पोटात पाणी धरून आहे, हे त्याच्या तळव्याला कळतं. वीस वर्षं पुढचा माणूस कान्हू होता. गावात त्याला दुसरी ओळख नव्हती आणि त्याला ती नकोही होती.

"समदी बरोबर," सीताबाईनं हीर बाजूला ठेवला. तिचा जीव खरोखर भांड्यात पडला होता. "मालू उगाच घाबरवते. तुमचं पाय चांगलं हायती."

"मंग, मी काय सांगत व्हतो?"

आता तिला दुसरी काळजी लागली. पाय बरे होते, पण दिसत होते कसे! काळे, भेगाळलेले, भेगांत मिठागराचा चिखल जन्माचा जाऊन बसलेला. मुंबईचा डॉक्टर ते हातात घेणार. बायको घरात असून नवऱ्याचे पाय असे, म्हणजे लोक तिलाच नावं ठेवणार. काय करू नको म्हणून लेकीनं सांगितलं होतं, पण पाय धुण्याला काय करणं म्हणतात का? तिनं चुलीवर पाणी चढवलं.

उकळू लागलेलं पाणी तिनं घमेल्यात ओतलं, वरून तांब्याभर गार घातलं. कान्हूनं डावा पाय आत सोडला.

"चालल ना?"

"गारच हाय गो. भेगा कशानं सुटतील? आजून घाल."

तिनं आधणाचं आणखी ओतलं. कान्हू ओटीच्या खांबाला टेकून सुखानं बसला. सोमवारी नारळ कोण आणणार, शेठ यंदा किती वाफे धरणार, असं काहीबाही बोलत राहिला. तोवर सीताबाईनं परसातून वजरी शोधून आणली आणि पाय घासायला घमेल्यात हात घातला.

तिचा हात किंकाळीसकट बाहेर आला. बोटं लालबुंद झाली होती.

"काय झालं गो? चावलं काय?" कान्हूनं विचारलं. पाय अजून पाण्यातच होता.

सीताबाईनं दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरून तो पाय बाहेर ओढला. पाऊल उकडल्यासारखं झालं होतं. बोटांच्या मुळाशी कातडी सुटून वर आली होती. तिनं हंड्यातलं गार पाणी तांब्या तांब्यानं त्यावर ओतायला सुरुवात केली आणि ओतता ओतता ती रडायला लागली. आपण आपल्या हातानं नवऱ्याचा पाय भाजला, आणि तो समोर बसून नारळाच्या गप्पा मारत होता.

कान्हू त्या पायाकडे बघत राहिला. शेजाऱ्याचा पाय कुणी चुकून आपल्या ओटीवर ठेवून गेलं असावं, तसा.

"मंग हीर कसा कळला?" ती रडता रडता म्हणाली. "समदी बरोबर सांगितलीत."

"तुझ्या बांगड्या वाजतात गो. करंगळीला वाकलीस की आवाज लांब जातो."

"आन् गेल्या साली तुडवणीत?"

कान्हूनं मान खाली घातली. मग म्हणाला, "बाजूच्या पोपटच्या पायाकडं बघून पाय टाकत व्हतो. समदी वळ माझ्या मागं, आन् मी पोपटच्या मागं."

तिला हसू आलं असतं, एरवी. तिनं धुतलेलं जुनं धोतर फाडलं आणि पाय हलकेच गुंडाळला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यानं दोन वर्षं सांभाळलं होतं. बायकोपासूनसुद्धा. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

"उद्या डॉक्टरला खरं सांगा," ती म्हणाली.

"आता लपवायला काय उरलंय?"

दिवस कलता कलता पोपटच आला. चाळिशीचा गडी, ओळीत कायम कान्हूच्या बाजूला. गुंडाळलेला पाय बघून तो दारातच थांबला.

"दादा, ह्या काय झालं?"

"भाजला. बस."

"सोमवारपावत बरा व्हईल ना? शेठनं इचारलंय, म्होरं कोन?"

सीताबाई चुलीपाशी होती, तिचे हात थांबले.

"म्होरं तू," कान्हू म्हणाला.

"मी? नाय दादा. माझं पाय तुझ्यासारखं नाय."

"नाय, म्हणून तर."

पोपटला ते सगळं कळलं असेल नसेल. पण सोमवारी आपण पुढे आणि हा माणूस घरी, एवढं त्याला पुरेसं कळलं. कान्हूनं तोंड खाडीकडे फिरवलं होतं. तिकडे ओहोटी लागून चिखल उघडा पडत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते ते त्याला या पोराला दाखवायचे नव्हते.

सीताबाई हात पुसत ओटीवर आली. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अवं, पोपट पाया पडलाय. आशीर्वाद द्या."

कान्हूनं खाली पाहिलं. पोपट अजून वाकलेलाच होता, आणि त्याचे दोन्ही हात कान्हूच्या उजव्या, न भाजलेल्या पायावर होते.