डावीकडचा पंप

थोरल्यांना यातून काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकू, म्हणजे मागाहून रडारड नको. एक काचेची पेटी. पेटीत त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेलं, खरा कोळसा खाणारं आणि खरं पाणी पिणारं, गुडघ्याएवढ्या उंचीचं वाफेचं इंजिन. पेटीखाली पितळी पट्टी, तिच्यावर त्यांचं नाव. आणि ती पट्टी वाचताना धाकट्यांचा चेहरा. पहिल्या तीन गोष्टी ते चारचौघांत बोलून दाखवत. चौथी त्यांनी मनात जपून ठेवली होती, आणि खरं विचाराल तर बाकीच्या तिन्ही तिच्यावरून ओवाळून टाकायची त्यांची तयारी होती.

थोरले आणि धाकटे हे भाऊ नव्हेत, साडू. वयाने खरं तर धाकटेच मोठे. पण त्यांनी धाकट्या बहिणीशी लग्न केलं आणि सासरच्या खात्यावर कायमचे खालच्या ओळीत गेले. थोरल्यांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. कुणाचं गोदाम जळो, कुणाचा माल भिजो, थोरले हातात पेन आणि कपाळावर आठी घेऊन तिथे हजर. धाकटे दातांचे डॉक्टर. दोघांनाही वाफेच्या इंजिनांचं खूळ लागलं. आधी कुणाला लागलं यावर दोन घरांत दोन मतं आहेत. बायकांचं तिसरंच. "लागलं तर लागलं," थोरली म्हणायची, "पण दोघांना एकदम लागायचं काय नडलं होतं?"

बरं, इंजिनं तरी वेगवेगळी निवडावीत! तेही नाही. पूर्वी शहराबाहेरून एक छोटी रेल्वे डोंगरातल्या खाणीपर्यंत जायची. खाण बंद पडली, रूळ उपटले, इंजिनं भंगारात गेली. उरलं ते एक रिकामं स्टेशन. त्याचं आता संग्रहालय होणार होतं, आणि त्यात त्या जुन्या इंजिनाच्या नमुन्यासाठी जागा होती. एकाच नमुन्यासाठी. निवड उद्घाटनाच्या दिवशी, इंजिनं चालवून बघून व्हायची होती.

दोघांची इंजिनं शेजारी ठेवली तर जुळी वाटावीत. फरक एकच. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा पंप धाकट्यांनी उजव्या अंगाला बसवला होता, थोरल्यांनी डाव्या. धाकट्यांकडे कारखान्यातल्या जुन्या ड्रॉइंगची प्रत होती. थोरल्यांकडे फोटो होता. त्या मार्गावरच्या इंजिनाचा सापडलेला एकमेव फोटो. त्यात ड्रायव्हर हात कमरेवर ठेवून अशा ऐटीत रेलला होता की नंबरची पाटी पार त्याच्या पाठीमागे गेली होती. पण पंप कसा लख्ख दिसत होता! थोरल्यांनी पंपापुरताच तुकडा मोठा करून घेतला आणि तो खिशात घालून ते हिंडू लागले, लोक नातवंडांचे फोटो घेऊन हिंडतात तसे.

"ड्रॉइंग म्हणजे साहेबांची इच्छा," ते म्हणत. "फोटो म्हणजे घडलेली गोष्ट."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की एकदा शेजारच्या घरी ते दुःखाला भेटायला गेले असतानाही तोंडातून निसटलं.

धाकट्यांनी शरणागती पत्करली ती स्वतःच्याच दवाखान्यात. थोरल्यांची दाढ ठणकत होती. ती उघडून, आत कापूस कोंबून, तोंडात नळी अडकवून झाल्यावर धाकटे शांतपणे म्हणाले, "बरं का साडूभाऊ, मानलं तुम्हाला. फोटोपुढे मी काय बोलणार? पंप हलवतोय. डावीकडे."

या क्षणाची थोरल्यांनी किती वाट पाहिली होती! काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे मोठ्या मनाने हसायचं, सगळं पाठ होतं. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "आँ... आँ."

"जरा मोठा करा आ," धाकटे म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी थोरले सकाळीच संग्रहालयात पोहोचले. इंजिन टेबलावर ठेवलं, पितळ पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी तो फोटो आख्ख्या भिंतीएवढा करून खिडकीशेजारी लावला होता. थोरले चहाचा कप घेऊन चार पावलं मागे सरकले आणि प्रथमच पंप सोडून बाकीचा फोटो बघू लागले.

इंजिनामागे डाव्या कडेला पाण्याची दगडी टाकी. उजवीकडे दोन शेंड्यांची टेकडी. छान. मग सहज त्यांची नजर शेजारच्या खिडकीबाहेर गेली. तीच टाकी, तेच दगड, वर उगवलेलं झुडूप तेवढं नवीन. पण टाकी उजवीकडे. टेकडी डावीकडे.

थोरल्यांनी आधी टाकीवर संशय घेतला. टाकी हलवली असेल. पण टेकडी? ती कोण हलवणार? मग त्यांनी मनातल्या मनात फोटोग्राफरला रुळांच्या पलीकडे उभं करून पाहिलं. पण तसं असतं तर इंजिनामागे हे स्टेशन दिसलं असतं, टाकी नव्हे. एकेक पळवाट ते शोधत आणि त्यांच्यातलाच जुना तपासनीस ती 'अमान्य' म्हणून बुजवत गेला. शेवटी एकच गोष्ट उरली. कुणीतरी कधीतरी काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून फोटो छापला होता. डावं ते उजवं झालं होतं. फोटोतला पंप डावीकडे दिसत होता, म्हणजे इंजिनावर तो उजवीकडे होता. म्हणजे ड्रॉइंगमध्ये होता तिथेच.

'प्रत्यक्ष पाहणी केली नाही' एवढ्या एका शेऱ्यावर ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे दावे फेटाळले, तो या स्टेशनात बैठकांना येऊन, चहा-बिस्किटं खाऊन, पंपावर तासतासभर बोलून गेला होता. आणि त्याने खिडकीतून बाहेर एकदाही पाहिलं नव्हतं. थोरल्यांना स्वतःचं हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण हसण्यामागोमाग हिशेब आला. हे ठाऊक कुणाला आहे? आपल्याला. कळणार कुणाला? जो आधी फोटो बघेल आणि मग खिडकी, त्याला. तर मग...

"बाई," त्यांनी अगदी सहज विचारलं, "या खिडकीला पडदा नाही का लावणार?"

"पडदा? उजेड नको का यायला!"

"ऊन येईल हो फोटोवर."

"ही उत्तरेची खिडकी आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात थोरली डबा ठेवायला जागा शोधत आली. "अहो, काय झालं? एखादा क्लेम मंजूर करावा लागल्यासारखा चेहरा झालाय."

"काही नाही. दाढ."

"ती तर भरली ना?"

दारात धाकटे आणि धाकटी. धाकट्यांनी इंजिन तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. टेबलावर ठेवून त्यांनी थोरल्यांना हाताला धरून जवळ ओढलं. "बघा, साडूभाऊ. पंप तुमच्या बाजूला. त्यासाठी बॉयलरला नवीन भोक पाडावं लागलं. जुनं तांब्याने बुजवलं. फिलिंगच म्हणा ना. कुठे होतं ते ओळखून दाखवा."

थोरल्यांना ते ताबडतोब दिसलं. "नाही बुवा ओळखू येत," ते म्हणाले.

"भावोजी, तुम्हाला हसू येईल," धाकटी म्हणाली, "पण बाहेर पेशंट गाल धरून बसलेले आणि डॉक्टर आत बॉयलरच्या दाढेत. एक आजी तर मला विचारत होत्या, आत एवढं कोण ओरडतंय?"

सगळे हसले. थोरले सगळ्यांत जोरात हसले, आणि सगळ्यांच्या आधी थांबले.

दुपारी बाहेर मांडलेल्या गोल रुळांवर दोन्ही इंजिनं पेटवली. थोरल्यांचं आधी सुटलं. मागच्या बसक्या डब्यावर थोरले, त्यांच्या पाठीला पाठ लावून पोरंटोरं. इंजिन घड्याळासारखं चाललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पेटीकडे बोट दाखवून कुणाला तरी काहीतरी सांगितलं. थोरल्यांनी शिट्टी वाजवली, पण ती त्यांना स्वतःलाच खोटी वाटली. मुकाट गाडी बाजूला घेतली.

मग धाकटे निघाले. अर्धा फेरा नीट गेला. वळणावर बॉयलरच्या बाजूने पांढरी सुई निघावी तशी वाफ निघाली आणि सुईची बघता बघता दोरी झाली. दाबाचा काटा पडला. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी खाली खाली जाऊ लागलं. आता आग ठेवली तर बॉयलर कोरडा पडून जळणार. धाकट्यांनी मुलांना उतरवलं, गुडघ्यांवर बसून आगीखालची जाळी ओढली आणि निखारे रुळांमध्ये पाडले.

"आजोबा, हे मेलं का?" एका मुलीने विचारलं.

"नाही गं. झोपलं."

थोरले पाण्याची बादली घेऊन धावले. निखारे विझवता विझवता धाकटे म्हणाले, "माझंच सांध्यांचं झाळकाम कच्चं. नवीन भोकासाठी पुन्हा आच दिली, त्यात आतले जुने सांधे सैल झाले असणार. गार पाण्याच्या चाचणीत टिकले, वाफेत उघडे पडले. मुळात तुमचं ऐकून पहिल्यापासून डावीकडेच लावला असता तर ही वेळ आली नसती. चूक माझीच."

इथे गप्प बसलं असतं तर पेटी मिळाली असती, पट्टी मिळाली असती, आणि चेहरा तर समोरच होता, काजळी माखलेला, हरलेला, थोरल्यांना हवा होता अगदी तस्सा. पण तो इतक्या जवळून बघायचा त्यांचा बेत नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "फोटो उलटा आहे."

"कुठला फोटो?"

"तोच. पालथा छापलाय. आत जाऊन आधी फोटो बघा, मग शेजारच्या खिडकीतून टाकी बघा. पंप उजवीकडेच होता. तुमचं बरोबर होतं."

धाकट्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. चहा घेताना."

"आणि आत्ता दुपार झाली."

"हो. मध्ये जरा हिशेब करत होतो."

धाकट्यांनी काजळी लागलेले हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "म्हणजे माझी धडधाकट दाढ तुमच्या सांगण्यावरून मी स्वतःच्या हाताने उपटली."

"हो."

"आणि फी तुम्ही घेणार होतात."

"अजून घेतली नाही," थोरले म्हणाले. "पट्टीवर नाव कोरायचंय."

यावर धाकटे हसतील अशी थोरल्यांना फार आशा होती. धाकटे हसले नाहीत. उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "चला, बाईंना सांगू. तुम्ही बोलायचं."

थोरले बोलले. ड्रॉइंग, फोटो, निगेटिव्ह, टाकी, टेकडी, काही गाळलं नाही. थोरली आणि धाकटी बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. बाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "म्हणजे माझा भिंतीवरचा फोटो पुन्हा छापावा लागणार?"

"हो, पण मुख्य मुद्दा पंप..."

"पंपाचं काय एवढं? पेटी भिंतीला लागून आहे. इंजिनाची एकच बाजू दिसणार. ती नळ्याबिळ्यांची बाजू मी भिंतीकडेच करणार होते. दुसरी कशी मोकळी दिसते."

दोघे साडू एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत प्रथमच दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. धाकटी म्हणाली, "ताई, पाणी दे गं यांना." मग मात्र धाकट्यांना हसू फुटलं, तेही असं की भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

पेटीत धाकट्यांचं इंजिन गेलं. थोरल्यांनीच तसं सुचवलं, की माझं चालतंय, त्याला मुलांना फिरवू दे. त्यांचं आता उभंच राहणार आहे, ते पेटीत उभं राहू दे. हा मनाचा मोठेपणा होता की स्वस्तात सुटायची युक्ती, यावर थोरल्यांनी स्वतःपुरता निकाल राखून ठेवला. धाकट्यांनी मात्र तो तिथल्या तिथे देऊन टाकला. "पेटी ठीक आहे. पण मला वाफेवर चालणारं इंजिन हवं. नवीन बॉयलर. तांबं तुम्ही आणायचं, झाळकाम तुम्ही करायचं, आणि मी शेजारी बसून चुका काढायच्या."

तेव्हा शेवटची जमाखर्चाची ओळ अशी. फोटो संग्रहालयाने पुन्हा छापून घेतला. बॉयलर धाकट्यांचा गेला. पट्टीवरचं नाव, तांब्याच्या पत्र्याचे पैसे आणि पुढच्या सगळ्या रविवारच्या दुपारी थोरल्यांच्या गेल्या. धाकटे दर रविवारी वेळेआधी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "हं, जरा मोठी करा ज्योत." दोघी बहिणी त्या दुपारी मिळून बाहेर जातात. त्यांचं या व्यवहारात काहीच गेलं नाही. भरलं ते सगळं नवऱ्यांनी. त्यातही जास्त थोरल्यांनी, आणि पावती त्यांनी अजून मागितलेली नाही.