दुपारचा भोंगा

"टाक ना रे रिंग! टाक!" मी काचेबाहेरून ओरडले.

"ताई, ओरडायचं नाही," कान तपासणाऱ्या अरुंधती मॅडम म्हणाल्या. "आणि हातवारेही नकोत. तो तुमच्याकडे बघून रिंग टाकतोय."

मी हात ओढणीत गुंडाळून घेतले. काचेच्या खोलीत माझा मितेश कानांवर हेडफोन लावून बसला होता. आवाज आला की समोरच्या दांडीत प्लास्टिकची रिंग घालायची, एवढाच खेळ. मॅडमच्या मशीनवर लाल दिवा लागला की हेडफोनमध्ये आवाज सोडला, हे मला तोवर कळलं होतं. दिवा लागत होता, आणि पोरगं रिंग हातात धरून शहाण्यासारखं बसून होतं. कान तपासायला पनवेलला येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते, मळ असेल, दुसरं काय असणार!

त्याचं ज्युनिअर केजीचं अख्खं वर्ष तिथे उभ्या उभ्या मला आठवलं.

आमचं घर पळस्प्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर कसला, आता अर्धाच उरलाय. मागे दगडखाण आहे. रोज दुपारी भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो, मांडणीवरची भांडी थरथरतात. मग माझ्या नवऱ्याचा, हरेशचा, डंपर खडी भरायला जातो. आमची चूल त्या खडीवरच पेटते, म्हणून भोंग्याला घरात कुणी नावं ठेवत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मितेश त्या भोंग्याला फार भ्यायचा. व्हॅनमधून उतरून जेवायला बसला की भोंगा वाजायचा, आणि हा ताट टाकून माझ्या मांडीत घुसायचा. मी तळव्यांनी त्याचे कान गच्च झाकायचे. "मम्मी, गेला का?" सुरुंग उडून गेला तरी विचारत राहायचा.

"पोऱ्याला भ्याव भरलाय गो," सासूबाई म्हणाल्या. कमळाबाई म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट. "गावदेवीला सांगू. तीच काढल."

नवरात्रात त्याला देवीपुढे बसवलं, अंगारा लावला, गळ्यात काळा दोरा बांधला. "आये, पोऱ्याचा भ्याव ने, तुला कोंबडा देईन," सासूबाई बोलल्या.

आणि भीती गेली की! दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी भोंगा वाजला, आणि मितेश वरणभात कालवत राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. सुरुंगाने जमीन हलली तेव्हा मात्र तो हसला. "मम्मी, हललं!"

"वाघ झाला आमचा वाघ!" हरेशने त्याला खांद्यावर घेऊन आळीभर मिरवलं.

नवस फेडायला सगळी भावकी जेवायला आली. वाटण मी वाटलं, तांदळाच्या भाकऱ्या मी थापल्या. अंगणात बेंजो लावला होता, आणि मितेश स्पीकरला टेकून झोपला. एवढ्या दणदणाटात! सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले. त्यातला एक माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. बघवत नाही आणि काढूनही टाकवत नाही.

त्यानंतर मितेश फारच गप्प झाला. मागून हाक मारली तर ढिम्म. टीव्ही मोठा केला म्हणून मी रिमोट हिसकावायचे. "बहिरा झालास काय रे?" असं मी त्याला रोज म्हणायचे. रोज! कुठली आई म्हणत नाही? पण माझ्याच घरात ते खरं होत होतं आणि मी भांडी आपटत होते.

शाळेतही कुणाला शंका आली नाही. स्नेहल टीचर म्हणाल्या, "किती शांत मुलगा आहे, सारखा माझ्या तोंडाकडे बघत असतो." त्यांना वाटलं लक्ष देतोय, मला वाटलं हुशार आहे. गॅदरिंगमध्ये तो शेजारच्या मुलीकडे बघून नाचला, प्रत्येक स्टेप तिच्यानंतर. लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत तो खाणीच्या रस्त्याने एकटाच चालला होता. मागून डंपर आला. हॉर्न वाजवला, परत वाजवला, पोरगं रस्त्याच्या मधोमध. डंपर हरेशचाच होता. त्याला वाटलं, मस्ती करतोय. ब्रेक दाबून तो उतरला, मारायला हात उचलला, तेव्हा कुठे मितेश वळला आणि खूश होऊन म्हणाला, "पप्पा, कधी आलास?"

हरेश घरी येऊन दारातच बसला. पाणी दिलं तर घेईना.

"प्राची," तो म्हणाला, "आयकू येत नाय त्याला."

तपासणी संपली तसे मॅडमनी मितेशचे हेडफोन काढले आणि बाहेर बसलेल्या हरेशला आत बोलावलं. "डावा कान जवळजवळ गेलाय. उजव्यात थोडं शिल्लक आहे. दोन्हीकडे ऐकायची मशीन लावून बघू."

"सुरुंगानं झाला काय?" हरेशने विचारलं.

"तसं सांगता येत नाही. आधीपासूनही हळूहळू जात असेल."

"आनि पुढं?"

"आहे तेवढं टिकेल का, तेही आज नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बसल्या. "मी भ्याव ने सांगितला," त्या म्हणाल्या, "कान न्यायला कुठं सांगितला?"

मशीन बसवून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मितेशला मुद्दाम वेळेवर जेवायला वाढलं. सासूबाईंनी स्वतःचं ताट घेतलंच नाही. हरेश खाणीवर न जाता दारात उभा राहिला.

भोंगा वाजला.

मितेश घास चावत राहिला. संपलं, मला वाटलं. मग त्याचा हात भातावरच थांबला. त्याने आवाज शोधत खिडकीकडे बघितलं, मग दारातल्या हरेशकडे; डोंगर तर घराच्या मागे होता, पण आवाज कुठून येतोय ते त्याला कळेना. त्याचा चेहरा कसनुसा झाला. ताट लवंडलं आणि तो माझ्या मांडीत येऊन घुसला.

"मम्मी, गेला का?"

"नाही रे राजा. अजून वाजतोय."

सवयीने माझे तळवे त्याच्या कानांकडे गेले. मी ते मागे घेतले आणि त्याला तसंच घाबरू दिलं.