माइकजवळची जागा

साडेचारला निघायचं ठरलं होतं. मीनाक्षीने रुहीला चारलाच तयार करून सोफ्यावर बसवलं होतं. पांढरा शर्ट, निळी पँट, दोन घट्ट वेण्या, आणि शर्टाला चुरगळ पडू नये म्हणून पाठ टेकायची नाही अशी ताकीद. गॅरेजचं दार वाजलं तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. पोर तोवर पाठ न टेकताच बसली होती.

रुही तिसरीत. तिच्या शाळेचा कॉयर आज ब्रेव्जच्या बेसबॉल मॅचआधी टर्नर फील्ड स्टेडियमवर राष्ट्रगीत म्हणणार होता. चाळीस मुलं, आणि त्यांतल्या सहा जणांना पुढे, अगदी माइकजवळ उभं करणार होते. त्या सहांत रुही. मिस हॅडलीने घरी पाठवलेल्या गुलाबी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सव्वासहाला गेटवर हजर राहा, सातनंतर कोणालाही मैदानात सोडणार नाहीत. तो कागद तीन आठवडे फ्रिजवर चिकटवलेला होता. दूध काढताना श्रीरंग तो रोज बघत होता.

त्या तीन आठवड्यांत पोळ्या लाटताना मीनाक्षीच्याही तोंडात तेच गाणं यायला लागलं होतं. मध्ये एक उंच जागा होती, तिथे रुहीचा आवाज हमखास चिरकायचा. लग्नाआधी नागपूरला सात वर्षं गाणं शिकलेल्या मीनाक्षीने मग लेकीला पोटावर हात ठेवून उभं केलं आणि श्वास कुठून घ्यायचा ते दाखवलं. परक्या देशाचं राष्ट्रगीत, पण शिकवता शिकवता तिच्याच अंगावर काटा आला. रुहीला अर्थात तो देश परका नव्हताच.

सोमवारी विनीताचा फोन आला होता. तिचा कबीरही कॉयरमध्ये.

"अगं, आमच्या व्हॅनमध्ये दोन सीट्स रिकाम्या आहेत. आम्ही चारला निघतोय. चल ना यार, कशाला टेन्शन घेतेस?"

मीनाक्षी हो म्हणणारच होती. पण संध्याकाळी श्रीरंगचा चेहरा उतरला.

"लोकांच्या गाडीतून कशाला? बापाला वेळ नाही असं वाटेल त्यांना. मी नेतो ना! कॅमकॉर्डर पण चार्जिंगला लावलाय मी."

खरं सांगायचं तर ते ऐकून मीनाक्षीला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने विनीताला जरा ठसक्यातच सांगितलं, "नको गं, रुहीचा बाबा नेणार आहे."

तसं तर गॅरेजमध्ये मीनाक्षीचीही गाडी होती. जुनी कोरोला. शाळा, लायब्ररी, दुकानं, डेंटिस्ट, अल्फारेटात ती कुठेही जायची, फक्त हायवे सोडून. दीड वर्षापूर्वी एकदा हायवेला लागताना मागून ट्रकने भोंगा दिला आणि तिने घाबरून रॅम्पच्या टोकाला गाडी थांबवली. कोणाला खरचटलंही नव्हतं. पण श्रीरंग तो किस्सा मित्रमंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला सांगायचा. "आमच्या मॅडमनी हायवेवर पॅरलल पार्किंग केलं!" सगळे हसायचे, मीनाक्षीही हसायची, आणि भाजीचा वाडगा पुढे सरकवायची. तेव्हापासून हायवे श्रीरंगचा, हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

"सॉरी, सॉरी, सॉरी," श्रीरंग दारातूनच म्हणाला. "निघता निघता बॉसने धरलं. चला चला, पळा!"

मीनाक्षीने बटाट्याच्या भाजीच्या गुंडाळलेल्या पोळ्या आणि पाण्याच्या बाटल्या उचलल्या. रुही स्वतःच मागे जाऊन बसली, स्वतःच पट्टा लावला, आणि शर्ट पट्ट्याखाली नीट ओढून घेतला.

हायवेला लागेपर्यंत पावणेसहा झाले. आणि लागल्या लागल्या श्रीरंगचा फोन वाजला.

"दहा मिनिटं, पिल्लू," आरशातून रुहीकडे बघत तो म्हणाला. "एक छोटा कॉल आहे. बाबा म्यूटवरच असेल, पण तू जरा शांत बस हं."

कॅलिफोर्नियातल्या क्लायंटकडे अजून दुपार होती आणि त्यांचं काहीतरी बंद पडलं होतं. श्रीरंगने फोन स्पीकरवर टाकून दोन सीटच्या मधल्या खाचेत ठेवला. गाडीत सात अनोळखी माणसं बोलायला लागली.

श्रीरंग वाईट माणूस नव्हता. हे मीनाक्षीला रोज स्वतःला सांगावं लागत नसे, पण आज ती सांगत होती. ग्रीन कार्डची फाइल याच कंपनीकडून गेलेली, सहावं वर्ष चालू, बॉसला नाही म्हणायची सोय नाही. नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या. या एका वाक्यावर त्यांच्या घरातली सगळी भांडणं येऊन थांबायची. वाढदिवस, पेरेंट-टीचर मीटिंग, तिच्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळचं तिकीट, सगळं.

टोल नाक्यापर्यंत गाडी चालत तरी होती. नाका ओलांडला आणि पुढे नुसते लाल दिवे. सव्वासहा झाले. मग साडेसहा.

"श्री," मीनाक्षी हळूच म्हणाली, "त्यांना सांग ना, अर्ध्या तासाने जॉइन होतो म्हणून."

"आत्ता? अगं, सगळे लाइनवर आहेत."

"मग असं कर, पुढे कुठेतरी उतरून गाडी थांबव. मी चालवते, तू नीट कॉल घे. तुझं अर्धं लक्ष फोनमध्येच आहे. मघाशी मोकळी कारपूल लेन सोडून दिलीस."

तो हसला. प्रेमाने हसला, हेच वाईट. "मॅडम, हा डाउनटाउन कनेक्टर आहे. इथे पार्किंग अलाउड नाही."

मीनाक्षी खिडकीबाहेर बघायला लागली. शेजारच्या गाडीत एक आजोबा, आजी आणि दोन नातवंडं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. तेही मॅचलाच चालले होते. ते मात्र मजेत खात होते. त्यांना सातला कुठेही पोचायचं नव्हतं.

"बाबा, इट्स सिक्स फॉर्टी," मागून रुही म्हणाली.

"हो राजा, पोचतोच आपण."

"बाबा, इट्स सिक्स फॉर्टी-सेव्हन."

यावेळी श्रीरंग फोनवर बोलत होता. त्याने नुसता हात वर केला.

आणि मग मीनाक्षीला मागून तो आवाज ऐकू आला. आधी इतका बारीक की तिला वाटलं शेजारच्या गाडीतून येतोय. तिने मान वळवली. रुही डोळे मिटून, पोटावर हात ठेवून, पाठ ताठ करून गात होती. सराव करत होती बिचारी, अजून पोचू म्हणून. पहिल्या ओळी तिने पुटपुटल्या, मग आवाज हळूहळू मोकळा झाला. ती उंच जागा आली, आणि रुहीचा आवाज वर गेला, आणि गेला, आणि तिथे टिकला. चिरकला नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"श्री?" फोनमधून कोणीतरी विचारलं. "इज दॅट सिंगिंग?"

बोलून झाल्यावर श्रीरंग म्यूट करायला विसरला होता. त्याचा एक हात स्टीअरिंगवर, दुसरा फोनकडे झेपावला.

"सॉरी, सॉरी गाइज," तो म्हणाला. "इट्स जस्ट द रेडिओ."

आणि मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

गाणं तिथेच थांबलं. रुहीने डोळे उघडले, बाबाच्या बोटाकडे पाहिलं, पोटावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग तिने पाठ टेकली. दुपारी चारपासून पहिल्यांदा. शर्टाला चुरगळ पडणार होती.

गाडीतल्या घड्याळात सात वाजले तेव्हा स्टेडियमचे दिवे दिसत होते. दिसत होते, एवढंच. मधे हजार गाड्या.

सात वाजून दहा मिनिटांनी श्रीरंगचा कॉल संपला. "शिट्," तो म्हणाला. स्टीअरिंगवर दोनदा मूठ आपटली. "शिट् यार." त्याचे डोळे खरंच भरले होते. मीनाक्षीला त्याची दया यायला हवी होती. ती येतही होती, पण तिने ती येऊ दिली नाही.

ती मागे वळली. "पिल्लू, आपण मिस हॅडलीला सगळं सांगू हं. ट्रॅफिक होता, ॲक्सिडेंट होता पुढे. त्या रागावणार नाहीत. पण तुझी जागा रिकामी राहील ना गं तिथे, माइकजवळ..."

"इट्स ओके, आई," रुही म्हणाली. "इट वोन्ट बी एम्प्टी. आय टोल्ड मिस हॅडली टू गिव्ह माय स्पॉट टू एमिली."

"कधी?"

"ट्यूजडे."

"मंगळवारी? का गं?"

रुहीने खांदे उडवले. "इन केस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस येईल म्हणून छत्री घेतली, असं सांगावं तसं ती सांगत होती. सोमवारी मीनाक्षीला बाबा नेणार म्हणून बरं वाटलं होतं, मंगळवारी तिने ठसक्यात विनीताला नाही म्हटलं होतं, आणि त्याच मंगळवारी शाळेत आठ वर्षांच्या तिच्या पोरीने आपली जागा देऊन टाकली होती. तरीही ती आज जवळजवळ तीन तास पाठ न टेकता बसली होती. इन केस.

ते आत शिरले तेव्हा पहिली इनिंग संपत आली होती. मिस हॅडलीने रुहीला जवळ घेतलं, नेक्स्ट टाइम स्वीटी, म्हणाल्या. विनीता हॉट डॉगचा कागद चुरगाळत धावत आली.

"अगं होतात कुठे! किती शोधलं आम्ही. काय सुंदर झालं माहितीये? कबीरच्या बाबाने, मनोहरने, सगळं शूट केलंय. तुला कॉपी देते मी, डोन्ट वरी."

"हो, दे ना," मीनाक्षी म्हणाली.

"पुढच्या वर्षी नक्की," श्रीरंग म्हणाला. गळ्यात कॅमकॉर्डर होता. त्याने तो रुहीवर रोखला. "रुही, से हाय!" रुहीने हाय म्हटलं. तिच्यामागे मैदान हिरवंगार दिसत होतं. तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला, आणि एका कानात बोट घालून तो जिन्याकडे गेला.

नऊपैकी तिसऱ्याच इनिंगला रुही म्हणाली, "कॅन वी गो होम?"

पोळ्या तशाच पिशवीत होत्या. पार्किंगमध्ये अजून चांगला उजेड होता. श्रीरंग फोन कानाला लावून गाडीचं दार उघडत होता. मीनाक्षीने हात पुढे केला.

"चावी दे."

"काय?" त्याने फोनवर तळवा ठेवला. "अगं, हायवे आहे."

"मला माहितीये काय आहे. चावी."

सात माणसं फोनवर वाट बघत होती. त्याने चावी दिली.

रॅम्पवर तिने स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागून ट्रक येत होता. तिने सिग्नल दिला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि ट्रकने जरासा वेग कमी करून तिला आत घेतलं. बस. एवढंच होतं ते. कोणी भोंगा दिला नाही, कोणी पाहिलंही नाही. श्रीरंग शेजारी बसून कुठल्याशा सर्व्हरबद्दल बोलत होता. परतीचा रस्ता मोकळा होता. टोल नाक्यावर तिने टोपलीत नाणी टाकली, दिवा हिरवा झाला. आरशात रुही टक्क जागी होती, आईच्या हातांकडे बघत. मीनाक्षीला वाटलं, आता तरी हिने काहीतरी म्हणावं. रुही नुसती बघत राहिली.

पस्तीस मिनिटांत घर आलं.

गॅरेजचं दार वर सरकलं आणि दिव्यांचा झोत आत उभ्या असलेल्या कोरोलावर पडला. दुपारी चारलाही ती इथेच उभी होती. चावी आत फ्रिजजवळच्या खिळ्याला. टाकी पूर्ण भरलेली. मीनाक्षीला त्रास नको म्हणून दर रविवारी श्रीरंग स्वतः जाऊन भरून आणायचा.