दुपट्ट्याखालचा भाव

खुशालरावांनी जन्मात कुठल्याही वस्तूचा पहिला भाव कबूल केला नव्हता. बडनेऱ्याला घर आणि चौफेरच्या बैलबाजारांत दलाली, असा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पण खुशालरावांचा हात काही ढिला पडला नाही. याच हातानं त्यांनी स्वतःच्या लग्नातला बँड दोन वाजंत्री कमी करून ठरवला होता. मुलाच्या, म्हणजे नितेशच्या, जन्माच्या वेळी नर्सबाईंनी बक्षिसी मागितली तेव्हा 'शेवटचं सांगा' म्हणाले होते, असं त्यांच्या पत्नी वच्छलाबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसतो. दलालाच्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर पडतो आणि आत बोटं धरली जातात. चार बोटं म्हणजे चार हजार की चाळीस, ते बैलाकडे बघून समजायचं. बोटाच्या मधल्या पेरावर दाबलं की अर्धा. भोवती पन्नास माणसं तोंडाकडे बघत उभी असतात आणि एकालाही काही कळत नाही. सौदा फिसकटला तरी भाव सांगायचा नाही, जमला तरी नाही. खुशालराव हा नियम इतका पाळत की घरी वांगी केवढ्याला आणली, हेसुद्धा वच्छलाबाईंना कधी कळलं नाही.

मग एका पोळ्याच्या आधी त्यांना घाम येऊ लागला. पोटाच्या डाव्या बाजूला कुणी विटेचा तुकडा ठेवल्यासारखं जड वाटायचं, आणि धोतर कमरेला थांबेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशींचा आकडा बघून चष्मा पुसला, पुन्हा बघितला, आणि चिठ्ठी देऊन अकोल्याला डॉक्टर यास्मीन यांच्याकडे पाठवलं.

"घाबरू नका काका," यास्मीन मॅडम म्हणाल्या. "रक्ताचा कॅन्सर आहे, पण हळू चालणारा. यावर गोळी आहे. चारशे मिलिग्रॅमची, रोज एक. नीट घेतली तर माणूस आपलं पूर्ण आयुष्य जगतो."

"किती दिवस घ्या लागन?"

"रोज."

"तसं नाई, कवापर्यंत?"

"रोज, काका."

कॅन्सर या शब्दानं वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. खुशालरावांनी मात्र त्यातला 'हळू चालणारा' एवढाच भाग उचलला. हळू चालणाऱ्या बैलाचा भाव नेहमी खाली येतो. आजाराचा काहून येऊ नये?

बाजारात कळू द्यायचं नाही, हे त्यांनी परतीच्या गाडीतच ठरवलं. दुखणाईत दलालाच्या हातात कोण हात देतो? दर्यापूरचे पंजाबराव, म्हणजे चाळीस वर्षांपासूनचे प्रतिस्पर्धी, त्यांचं गिऱ्हाईक उचलायला टपलेलेच होते. त्यांनी विचारलं, "काय खुशालराव, वाळून चालले?" तर खुशालराव म्हणाले, "पित्त हाये."

गोळ्या नितेश आणायचा. तो अमरावतीला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. एसी असलेल्या मेडिकलमधून तो छापील किमतीवर दहा टक्के सूट मिळवायचा आणि ही सूट आपल्या ओळखीमुळे मिळते असं समजायचा. तरी पगाराचा मोठा लचका जायचा. सरकारी योजनेत अर्ज केला होता. तो 'विचाराधीन' होता आणि त्याच्या विचारात कुणी व्यत्यय आणत नव्हतं.

तीन महिन्यांनी पोटातली वीट विरघळली, घाम थांबला. रक्तात आजाराची खूण किती टक्के उरली, ते सांगणारी एक तपासणी असते. तिचा आकडा आला नऊ.

"छान!" मॅडम खूश झाल्या. "दहाच्या आत हवा होता, आला. पुढच्या वेळी एकच्या आत आणू."

समोरची पार्टी खूश झाली म्हणजे आपण जास्त मोजून राहिलो, हे खुशालरावांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. त्या रात्रीपासून त्यांनी गोळीशी सौदा सुरू केला. गोळी म्हणत होती रोज. खुशालराव म्हणाले, एका दिवसाआड. गोळी काही बोलली नाही. न बोलणारी पार्टी म्हणजे मानलेली पार्टी. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरू लागल्या. औषधाचा खर्च निम्म्यावर आणल्याचा आनंद त्यांनी नियमाप्रमाणे कुणालाच सांगितला नाही. जेवण अंगी लागत होतं, बाजार होत होते, पंजाबरावांचं तोंड उतरलं होतं. आणखी काय पाहिजे?

पुढच्या तपासणीत आकडा आला चौदा.

यास्मीन मॅडमनी कागद उलटा ठेवला. "काका, गोळी रोज घेता?"

"घेतो ना."

"रोज?"

"म्हंजे... चालूच हाये."

"डॉक्टर बाई," वच्छलाबाई मध्येच बोलल्या, "हे खोटं बोलून राहिले. महिना सरला तरी गोळ्या उरतात घरी. मले वाटलं, कंपनीच जास्तीच्या देऊन राहिली. साबणावर देत नाई का?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बैलातले जाणकार. मला एक सांगा. नव्या गोऱ्ह्याच्या मानेवर एक दिवस जू ठेवलं, एक दिवस नाही ठेवलं, तर काय होतं?"

"असं नाई करत कोणी," खुशालराव हसले. "बिघडते तो. जू फेकाले शिकते. मंग तुमी रोज ठेवा नाई तर दोन माणसं लावा, तो घेतच नाई. अशी जोडी कोणी फुकटात..."

तिथं ते थांबले. स्वतःच्याच जिभेनं त्यांना इतकं अचूक कधी पकडलं नव्हतं.

"ही गोळी आजार मारत नाही, दाबून धरते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दिवसाआड जू काढत होता. आता एक वेगळी तपासणी करू. तो जू फेकायला शिकला असेल, तर ही गोळी बाद. दुसऱ्या गोळीचा खर्च कितीतरी पट, आणि तीही चालेलच असं नाही. शिकला नसेल, तर हीच. पण पूर्ण. चारशे."

खुशालरावांना हे सगळं पटलं. पण सवय फार वाईट असते. "तीनशेवर नाई जमणार?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. "टाका तो इथं."

"काय?"

"टेबलावर टाका. आणि हात घाला आत. मूर्तिजापूरच्या नबीभाईंची मी मुलगी."

खुशालराव खुर्चीतच सरळ झाले. नबीभाई! साऱ्या वऱ्हाडात हा एकच बैलांचा व्यापारी असा होता, ज्याला खुशालराव एका बोटानंही खाली आणू शकले नव्हते. त्यांनी दुपट्टा टाकला. आत मॅडमनी त्यांची चार बोटं घट्ट धरली. खुशालरावांनी तीन धरली. चार. खुशालरावांनी तीन धरून चौथ्याच्या मधल्या पेरावर दाबलं. चार. त्यांनी बाजारात करायचे ते सगळे चेहरे करून पाहिले, उठून जायचं नाटकही केलं. दुपट्ट्याखाली चारच.

"बाई, थोडं तरी खाली या!"

"नाही."

"हे नबीभाईचीच पोरगी हाये," खुशालराव वच्छलाबाईंना म्हणाले आणि हात काढला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पहिला भाव कबूल केला होता.

"आता ऐका," मॅडम म्हणाल्या. "गोळीवर घासाघीस नाही. गोळीच्या किमतीवर हवी तेवढी करा. हेच औषध बऱ्याच कंपन्या बनवतात. मी तीन-चार चांगल्या लिहून देते. पाकिटावरची छापील किंमत म्हणजे बाजारात ओरडून सांगायचा भाव. खरा भाव..." त्यांनी दुपट्ट्याला बोट लावलं.

खुशालराव बाहेर आले ते नवे डोळे घेऊन. त्या वेगळ्या तपासणीचा निकाल यायला दोन आठवडे लागले. तोवर ते रोज गोळी घेऊन वच्छलाबाईंना रिकामं तोंड उघडून दाखवत. निकाल आला. आजार काही शिकला नव्हता. खुशालरावांनी त्या दिवशी कुणालाही न सांगता देवापुढे नारळ फोडला. अर्थात, भाव करून आणलेला.

मग ते अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाकांवर बसून माणसं हेरू लागले. ही गोळी घेणारे सात जण त्यांना सापडले. एक निवृत्त मास्तर, एक शिवणकाम करणाऱ्या खुर्शीदबी, एक रेल्वेतला, असे. सातही जण सात दुकानांतून एकेक पाकीट छापील किमतीत घेत होते. खुशालरावांना हे बघवेना. सात गिऱ्हाईक, एकच माल, आणि दलाल नाही!

सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन ते अकोल्यातच औषधांचे ठोक व्यापारी वामनराव यांच्या गादीवर गेले. खुर्शीदबी साक्षीला होत्या.

"दहा टक्के कमी करून देतो," वामनराव म्हणाले.

खुशालरावांनी काउंटरवर दुपट्टा टाकला. "हात घाला."

"अहो, हे काय? इथं सीसीटीव्ही आहे!"

"म्हनूनच त झाकलं."

वामनरावांना बोटांची भाषा येत नव्हती. खुशालरावांनी ती त्यांना शिकवली, आणि शिकवता शिकवता प्रत्येक उदाहरण थोडं खालचं घेतलं. आठ माणसं, दर महिन्याला, आयुष्यभर. गिऱ्हाईक मरणार नाही याची जबाबदारी डॉक्टर बाईंची. असं गिऱ्हाईक तुमच्याकडे दुसरं कोण आहे? चहा दोनदा आला. शेवटी सौदा छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठरला, प्रत्येकाच्या नावानं पक्क्या बिलासकट. वामनराव हसत होते. विकणारा हसला म्हणजे अजून खाली जागा आहे. पुढच्या महिन्यात भाव पाव हिश्श्यावर आला आणि वामनराव हसायचे थांबले. तेव्हा कुठे खुशालरावांना शांत झोप लागली.

"याच्यात तुमची दलाली काय, भाईजान?" खुर्शीदबींनी विचारलं.

"चहा."

"तो तर वामनरावांनी पाजला."

"मंग तुमी पाजा."

नितेशनं पहिल्या बिलाकडे बराच वेळ पाहिलं आणि एसीवाल्या मेडिकलचं सवलतीचं कार्ड मुलाला खेळायला दिलं.

आकडा उतरत गेला. चौदाचे दोन झाले, दोनाचा अर्धा, मग शून्यापुढे टिंब देऊन लिहायची वेळ आली. दोन पोळे झाले. दुसऱ्या पोळ्यानंतरच्या गुरुवारी बाहेरच्या बाकांवर सगळा जत्था बसलेला असताना मॅडमनी खुशालरावांना आत बोलावलं. कागद पालथा होता.

"दुपट्टा टाका, काका."

खुशालरावांनी टाकला. हात आत घातला. खुशालराव बोटांची वाट बघत राहिले. एक येईल, की मधल्या पेरावर अर्धं? काहीच आलं नाही.

"धरा ना, बाई."

"सांगितला ना भाव."

"कुठं? काईच नाई धरलं तुमी."

"बरोबर."

चाळीस वर्षांत दुपट्ट्याखाली त्यांना रिकामा हात कुणी दिला नव्हता. आधी कळलं ते वच्छलाबाईंना. "अहो, काईच नाई म्हणून राहिल्या त्या! काईच नाई उरलं!"

"मशीनला दिसेल एवढंही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण म्हणून गोळी..."

"रोज," खुशालराव म्हणाले. "चारशेची."

दुपट्टा तिथंच टेबलावर राहिला. ते दार उघडून बाहेर आले, आणि समोर, गुडघ्याचा फोटो काढायला आलेले दर्यापूरचे पंजाबराव उभे!

"काय खुशालराव," पंजाबरावांनी डोळे बारीक केले, "पित्तच हाये का अजून?"

खुशालरावांचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. तिथं दुपट्टा नव्हता.

"पित्त नाई, लेका! कॅन्सर होता. रक्ताचा!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की वॉर्डबॉय बाहेर आला. "चौदावर होता. आज शून्यावर सौदा जमवला!"

बाकावरून मास्तर उठले, खुर्शीदबींनी दोन्ही हात वर केले, रेल्वेतल्या माणसानं शिट्टी मारली. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा पंजाबरावांनी आपणहून हात पुढे केला.

"शून्य म्हंजे शेवटचं का?" त्यांनी विचारलं.

"शेवटचं," खुशालराव म्हणाले. "याच्या खाली ते बाई येत नाई."