ॲल्विनची काडतुसं

ऑर्व्हिल टेडफर्डने तोंडातली तंबाखूची पिंक रिकाम्या डब्यात टाकली, ओठ मनगटाला पुसले आणि त्याच हाताने मार्गिटच्या नवऱ्याची राख पितळी चमच्यात घेतली. मार्गिटने खिडकीकडे तोंड फिरवलं, तर काचेवरही काजळीचा चिकट थर.

जूडिथ खोऱ्यातल्या जुन्या बंदुकांच्या क्लबात माणूस गेला की त्याची चिमूटभर राख त्याच्याच रायफलीच्या काडतुसांत भरतात, आणि घरची माणसं ती ओढ्यापलीकडच्या टेकडीवर झाडतात. ॲल्विनने तसं सांगून ठेवलं होतं. मार्गिटला तो पोरखेळ वाटायचा, पण मेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तिची नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत झालेली. राख म्हणजे बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट, एवढंच तिच्या लेखी. किळस राखेची नव्हतीच. शिशाच्या चुऱ्याशेजारी पडलेल्या अर्धवट खाल्लेल्या सँडविचची होती. आणि ‘बिचारा ॲल्विन’ म्हणताना ऑर्व्हिलच्या आवाजात जो पाक उतरायचा, त्याची तर फारच.

रायफल ॲल्विनच्या पणजोबांची. चापाखालची दांडी ओढून काडतूस चढवायची, अंगठ्याएवढ्या जाड गोळीची. तिची काडतुसं कारखान्यांनी बंद केली त्यालाही जमाना लोटला. म्हणून दुसऱ्याच कुठल्या बंदुकीच्या पितळी पुंगळ्या कापायच्या, साच्यात दाबायच्या, शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या. हे सगळं ऑर्व्हिल करायचा. आज पहिला बार नेल काढणार होती, मार्गिटची एकुलती एक मुलगी. बाहेर अंगणात क्लबची मंडळी हॅम आणि बटाट्याचं सॅलड मांडत होती.

मार्गिटने मान वळवली आणि तिच्या लक्षात आलं, ऑर्व्हिल चिमूट नव्हे, चमचेच्या चमचे राख ओततोय. अर्धी पुंगळी राखेचीच. हे कसं जमावं? बंदुकीची काळी दारू पुंगळीत काठोकाठ लागते. गोळी तिच्यावर दाबूनच बसवायची, हा नियम इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तिने विचारलं, दारू कुठे गेली?

“आहे की खाली. जरा कमी आहे, पण तगडी आहे.”

“दाखव.”

ऑर्व्हिलचा हात थांबला. दुसऱ्याच्या पुंगळीत डोकावणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं, अशी इथली रीत. “चाळीस वर्षं भरतोय मी, मार्गिट. दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत.”

“साडेनऊ.”

“ते अर्धं गवताच्या यंत्रात गेलं. त्याचा दारूशी काय संबंध?”

तिने बाकावरची पुंगळी उचलून तळहातावर उलटी केली. आधी राख आली, मग पुठ्ठ्याची चकती, मग दारू. काळ्या दारूचे दाणे खडबडीत असतात, कोळशाच्या चुऱ्यासारखे. हे दाणे नितळ होते, हिरवट करडे, सगळे एका मापाचे. बिनधुराची दारू. अर्ध्या मापात दुप्पट जोर करणारी, आणि त्या जुन्या लोखंडाला न झेपणारी. दांडी, खिळ्या, सगळं बार काढणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

गोळ्या काढायची पोकळ हातोडी तिने भिंतीवरून उतरवली, भरलेलं काडतूस हातोडीच्या डोक्यात अडकवलं, ओंडक्यावर आपटलं आणि गोळी सुटताच आतलं सगळं बाकावर ओतलं. मग दुसरं. बाकावर करड्या मिश्रणाचा ढीग झाला. सौम्य आम्लात राख विरघळेल, दारू मागे राहील, असं तिच्या मनात येऊन गेलं. आपण नवऱ्याला आम्लात घालायला निघालो, हे कळल्यावर तिला स्वतःचीही शिसारी आली.

नेल रायफल घेऊन आत आली आणि ढीग बघून जागीच उभी राहिली.

“तुझ्या आईने बापाची मिसळ केली,” ऑर्व्हिल म्हणाला.

मार्गिटने दारूचं सांगितलं. नेल वैतागली. ऑर्व्हिलकाकाच बाबांना नेहमी काडतुसं भरून द्यायचा, आजच कुठली अवदसा आठवली तुला, असं तिचं म्हणणं.

“आता सांगूनच टाकतो, मार्गिट,” ऑर्व्हिल म्हणाला. “काळ्या दारूची काजळी साफ करायला ॲल्विनचे हात चालत नव्हते. तोच म्हणाला, हीच भर. तीन हंगाम तो हीच उडवत होता. गेल्या शिकारीला नेलनेही उडवली. काय झालं? काही नाही.”

मार्गिट ढिगाकडे बघत राहिली. म्हणजे ॲल्विनला माहीत होतं. बंदूक धुवायचा कंटाळा, म्हणून या माणसाने पोरीच्या गालाला हे टेकवलं होतं, आणि संध्याकाळी येऊन हात न धुता जेवला होता.

“त्या शिकारीच्या पुंगळ्या कुठे आहेत?” तिने विचारलं.

ऑर्व्हिलने नाइलाजाने खोका पुढे सरकवला. पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या पुंगळीचं बुड आतून ताणलं की तिथे बारीक चर पडतो, पुढच्या बाराला बुड सुटून येतं. तो चर चाचपायला टोक वळवलेली तार प्रत्येकाच्या बाकावर असते. मार्गिटने तार नेलच्या हातात दिली. बापाने तिला हे लहानपणीच शिकवलं होतं.

नेलने तार पुंगळीत घातली, भिंतीलगत वर ओढली. तार अडकली. तिने दुसरी पुंगळी घेतली. त्यातही अडकली. तिसरी तिने घेतलीच नाही. रायफल बाकावर आडवी ठेवली, दांडी उघडी ठेवून.

“काका, हे तू बघितलं नव्हतंस?”

ऑर्व्हिलने डबा उचलला, थुंकला. “तुझ्या बापाने बघितलं होतं. म्हणाला, अजून एक बार निघेल.”

मार्गिटने किटलीतली उरलेली कॉफी ढिगावर ओतली. लगदा झाला, आता ते कुणी पुन्हा भरणार नव्हतं. मग तिने कोपऱ्यातल्या नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. टॉवेलचा वास घेऊन तो परत खुंटीला टांगला आणि ओल्या हातांनीच दाराकडे निघाली. बार होणार नाहीत, जेवून घ्या, एवढं बाहेर सांगायचं होतं.

“आई,” नेल मागून म्हणाली, “आणि बाबा?”

“चमचा तिथे आहे,” मार्गिट म्हणाली. “तुला तो हवा असेल तर त्या लगद्यातून भरून घे. मी आज त्याला हात लावणार नाही.”