घरी असलेली माणसं

युरोपियन युनियनच्या तज्ज्ञांनी आमचे जनगणनेचे आकडे परत पाठवले. काम करणारे हात एवढे असतील तर शेतं ओसाड का? प्रश्न बिनतोड होता. मोल्दोवाची अर्थव्यवस्था युनियनमध्ये टिकेल की नाही ते मग पाहू, आधी देशात माणसं किती ते नीट सांगा, असं त्यांचं म्हणणं. चूक आमचीच. आमच्याकडे परदेशी गेलेल्या मुलाला कुठलीच आई 'गेला' म्हणत नाही. गणनेच्या कागदावर तो घरीच असतो. आणि आम्ही सरकारी माणसं मुकाट्यानं तसं लिहून घेतो.

म्हणून मी पुन्हा पाराश्किव्हा मावशीच्या दारात उभी. तिनं आधी तळघरातली वाइन पाजली, मगच कागद काढू दिले.

"चार जण," ती म्हणाली. "मी, अनातोल, वीओरिका, सर्जू."

"मावशी, अनातोल इटलीत आहे ना?"

"कामाला गेलाय."

"किती वर्षं झाली?"

"तू काय पोलीस लागून गेलीस?"

मला हसू आलं, पण नियम म्हणजे नियम. वर्षाहून जास्त बाहेर असेल त्याचं नाव खोडायचं. मी अनातोलच्या नावावर पहिली रेघ ओढली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"चर्चमध्ये दर रविवारी मी प्रार्थनेसाठी नावांच्या दोन चिठ्ठ्या देते, पोरी. एक जिवंतांची, एक मेलेल्यांची. जिवंतांतून खोडलेलं नाव कुठं जातं, ठाऊक आहे ना?"

तरी म्हटलं, "आकडे खोटे निघाले तर युनियन आपल्याला घेणार नाही."

"आणि घेतलं तर? पोरं येतील माझी?"

हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही, मावशी. शेजारचे रोमेनियावाले आत गेले, तर त्यांची आणखीच गेली."

तिनं कागद आपल्याकडे ओढून नावांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे कागदावर ही घरी आहेत, तोवर ती गेलीत हे वर कुणाला कळायचंच नाही?"

"नाही."

"मग त्यांना परत आणायचं कुणाच्या डोक्यात तरी कसं येणार?"

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. प्रत्येक नावाआधी छातीवर क्रॉसची खूण केली आणि उरलेली दोन नावं स्वतःच खोडली. 'एकूण'च्या चौकटीत एक लिहिलं. मी रडत होते, ती नाही.

"घेऊन जा," ती म्हणाली. "बघू देत त्यांना, या घरात किती जण उरलेत ते."