शाल्मलीचे मंगळवार

शाल्मली मला आधी आठवते ती ऊन म्हणून. पनवेलच्या भाजी मार्केटमागच्या जुन्या इमारतीत, खिडकीच्या गजांमधून तिरपं उतरणारं माघातलं ऊन. आणि ते माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आपली खुर्ची हळूच सरकवून त्या उन्हात जाऊन बसणारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहणारी सडपातळ मुलगी. बोलण्याआधी ती आवंढा गिळायची. बाहेर मेथी-कोथिंबिरीच्या आरोळ्या चाललेल्या असत, पण आत विहिरीच्या तळाशी असावी तशी गार निःशब्दता. त्या निःशब्दतेत तो आवंढासुद्धा ऐकू यायचा.

ती समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होती. तिथली मुलं दर मंगळवारी त्या खोल्यांमधून लोकांचं ऐकून घेत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांच्या मोठ्या मॅडम असत. मला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिकडे धाडलं. गोळीने झोप येईल, त्या म्हणाल्या, पण तू कुणाशी तरी बोल.

बोलण्यासारखं माझ्याजवळ काय होतं? उलव्यात बांधकाम चाललेल्या एका इमारतीच्या परांचीवरून नवरा पडला आणि गेला, त्या दिवसापासून माझ्या आत कुणी ओलं सिमेंट ओतून ते वाळू दिल्यासारखं झालेलं. रडू नाही, राग नाही. तळोज्याच्या कारखान्यात खोकी चिकटवायची, आंबूस वासाच्या वाऱ्यातून खोलीवर यायचं, भात टाकायचा. मुलगी, दुर्गा, गावी परभणीकडे सासूजवळ. शाळा उघडायच्या आत तिला इकडे आणायची की तिकडेच ठेवायची, एवढंच मला ठरवायचं होतं आणि तेवढंच ठरत नव्हतं. "लेकराला कव्हा नेतीस गं?" सासू फोनवर विचारायची, आणि मी विषय बदलायची. कारण दुर्गाचा आवाज कानात पडायचा आणि आत काहीच हलायचं नाही. जिच्या आत काही हलत नाही, तिने लेकरू जवळ आणून त्याला द्यायचं काय? सगळं बधिर झालं तरी ही भीती मात्र जागी होती. रिकाम्या घरात घड्याळ चालू राहावं तशी.

माझी घरमालकीण नेऱ्याकडची आगरी बाई, तिला मी मावशी म्हणते. दारात सुकट निवडता निवडता ती मला टोकायची. "चालली का गो तुज्या पोरगी-डॉक्टरनीकडं? अगो, तिचं लगीन नाय, पोर नाय, ती तुला काय सांगनार? आमी हाय ना, आमाला सांग!" सांगायला टेकलं, की मग मावशीच बोलायची, तिची सून, तिची विकलेली जमीन, तिचे गुडघे. तिची माया खरीच होती, पण तिच्या मायेत मला शिरायला जागा नव्हती.

शाल्मलीचं ऐकणं वेगळं होतं. शिशिरात सारी पानं उतरवून झाडाने आभाळाला वाट करून द्यावी, तसं ती स्वतःचं सगळं बाजूला ठेवून बसायची. मी अर्ध्यावर थांबले तर ते वाक्य ती पुरं करायची नाही. कधी कधी तर आम्ही दोघी नुसत्याच बसत असू, आणि भिंतीवरचं ऊन हळूहळू खाली घसरत जमिनीला लागत असे.

एका मंगळवारी मोठ्या मॅडम येऊन कोपऱ्यात बसल्या. मी सातवीत शाळा सोडलेली; मोठं माणूस कोपऱ्यात गप्प बसून पाहतंय म्हणजे साहेब तपासणीला आलेत, एवढंच मला ठाऊक. मनात म्हटलं, या पोरीने आपल्यासाठी उन्हात बसून मंगळवार काढलेत, आपल्यापायी ही नापास व्हायला नको. मग गुरुजींनी घोकून घेतलेली उत्तरं म्हणावीत तशी मी म्हणत सुटले. आता बरं आहे. झोप लागते. काल तर रडलेसुद्धा, फार मोकळं वाटलं.

शाल्मलीचा चेहरा खुलला नाही. तिने एकदा मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुम्ही मला पास करायला आलात का?"

मी खाली पाहिलं. "मार्क देतात ना त्या?"

"देतात. पण तुम्ही बऱ्या झालात म्हणून नाही देत. मी गप्प किती बसते, त्याचे देतात."

"त्यातही ती काठावरच आहे," मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, आणि शाल्मली कानापर्यंत लाल झाली.

त्या लाजण्याने मला काय केलं कोण जाणे. खरं ते तोंडातून निघून गेलं. म्हटलं, पोरीचा आवाज ऐकून मला काहीच होत नाही. मी तिला आणू का नको?

शाल्मली आणा म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. तिने विचारलं, "दुर्गा काय बोलते फोनवर?"

मी सांगू लागले. शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक काळं. आजीने भाकरीला मीठ जास्त घातलं. आत्याच्या लग्नातली बांगडी फुटली, तिचा तुकडा तिने काडेपेटीत ठेवलाय. शाल्मली मधूनच "मग?" म्हणायची आणि मी पुढचं सांगायची, आठवड्यांमागून आठवडे दगड होऊन ऐकलेलं ते सारं शब्दाला शब्द बाहेर येत राहिलं. रडू आलं नाहीच. पण एवढं सगळं माझ्याकडे राहिलं कुठे होतं, याचं मला नवल वाटलं.

वैशाखात तिचं वर्ष संपलं. संपणार हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मला ते ऐकू आलं नव्हतं. शेवटच्या मंगळवारी मी शेंगदाण्याचे लाडू नेले, तर भेट घ्यायची नाही असा त्यांचा नियम. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. शाल्मलीने एक लाडू तिथेच, माझ्यासमोर, सावकाश खाल्ला.

त्याच आठवड्यात मी सासूला कळवलं.

दीर दुर्गाला घेऊन पनवेलच्या स्टँडवर उतरला. ती जरा लांबच उभी राहून माझ्या डोळ्यांकडे निरखून बघत होती.

"आजी म्हनली, आई लई रडंल."

"मला रडू येत नाही गं."

तिने थोडा विचार केला. "मंग मी बी नाय रडत," म्हणाली, आणि तिची पिशवी माझ्या हातात दिली.

आता ती माझ्याशेजारी निजते, आणि तिच्या बडबडीला मी "मग?" म्हणते. आतलं सिमेंट अजून तसंच आहे. खोटं कशाला सांगू. शाल्मली कुठल्या गावी, कुणासमोर बसत असेल, ठाऊक नाही. दुर्गा आली हे तिला कधी कळायचंही नाही. काळ माणसांना घेऊन जातो, पण त्यांनी अर्धीच ऐकलेली आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवून जातो. उरलेली अर्धी आपण मग त्यांच्या नसण्याला सांगत राहतो.